वाचकांचे प्रश्न : पाळकांना घडवणाऱ्या पाळकाचे स्मरण

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातील एका लहान बॅप्टिस्ट मंडळीचा (चर्चचा) पाळक आहे. ज्यांच्या हाताखाली मी घडलो ते आमचे वृद्ध पाळक गेल्या पावसाळ्यात ख्रिस्तवासी झाले. लहानथोर सगळे त्यांना ‘दादा’ म्हणत. आज मराठवाड्याच्या निरनिराळ्या तालुक्यांत सेवा करणारे ९ पाळक त्यांनी तयार केले. पहिल्या स्मृतिदिनी स्मरणोपासना घ्यावी आणि एक स्मरणिका काढावी असे पंचमंडळाने ठरवले असून संपादनाचे काम माझ्याकडे आले आहे. आलेल्या लेखांत ‘प्रेमळ, मनमिळाऊ, प्रार्थनाशील’ यापलीकडे फारसे काही नाही. दादा तापट होते, हे मात्र कोणीच लिहीत नाही. एकदा भर उपासनेत त्यांनी एका तरुणाचा उपदेश अर्ध्यावर थांबवून त्याला खाली बसवले होते. त्याने सेवा सोडली आणि आता तो साखर कारखान्यात नोकरी करतो. पुढे दादा दोनदा त्याच्या घरी गेले, पण काय बोलणे झाले ते कोणालाच ठाऊक नाही. हे स्मरणिकेत यावे का? शिवाय काही सभासद म्हणतात, की एका माणसाचा एवढा गौरव ही गुरुबाजी आहे आणि ती बॅप्टिस्ट शिकवणुकीत बसत नाही. कृपया मार्गदर्शन करावे. माझी स्वतःची आठवण सोबत जोडली आहे.

उत्तर : सप्रेम जय ख्रिस्त. गुरुबाजीचा आक्षेप आधी घेतो, कारण तो खोडसाळपणाचा नाही. बॅप्टिस्ट मंडळ्यांत बिशप नसतो. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपण पाहते, आपला पाळक आपण निवडते आणि प्रत्येक विश्वासणारा देवापुढे याजक (पुरोहित) आहे असे मानते. अशा ठिकाणी एका माणसाच्या नावाचा जयजयकार सुरू झाला, तर जाणत्या सभासदांना तो खटकणारच आणि खटकलाही पाहिजे. परंतु याच रचनेतून एक गरज उभी राहते, ती आक्षेप घेणाऱ्यांच्या ध्यानात आणून द्यावी. वरून नेमणूक करणारे कोणी नसेल, तर तरुणाला पारखायचे कोणी, शिकवायचे कोणी आणि चुकला तर त्याचा कान धरायचा कोणी? या परंपरेत हे काम बरेचदा अनुभवी पाळकांनीच केले आहे.

विल्यम केरी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश प्रसिद्ध करणारे, पंडित वैजनाथ यांचे साहाय्य घेऊन मराठीचे काम करणारे बंगालमधल्या श्रीरामपूरचे हे बॅप्टिस्ट मिशनरी मूळचे जोडे शिवणारे कारागीर होते. १७८५ साली इंग्लंडमधील ओल्नी गावच्या मंडळीपुढे त्यांनी उपदेश केला, तेव्हा तो ऐकून मंडळीचे समाधान झाले नाही. जॉन सटक्लिफ तिथले पाळक होते. त्या मंडळीने केरींना होकार दिला नाही, पण हाकलूनही लावले नाही. जिथे बोलत आहेत तिथे बोलू द्यावे आणि काही काळाने आपण त्यांना पुन्हा ऐकावे, असे ठरले, आणि पुढच्या वर्षी त्यांना सेवेची मान्यता मिळाली. सटक्लिफ यांनी त्यांना पुस्तके दिली, अभ्यासात मदत केली. आपल्या भाषेच्या व्याकरणापर्यंत पोहोचलेल्या माणसाची वाट त्या एका वर्षाच्या थांबण्यातून गेलेली आहे. पुढे १८०० साली याच केरींनी हुगळी नदीत कृष्ण पाल या सुताराला बाप्तिस्मा दिला आणि तो सुतारही उपदेशक झाला. दादांचा गौरव करताना आपण ही एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी साखळी दाखवली, तर तिला कोणी गुरुबाजी म्हणणार नाही. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात ज्यांनी देवाचे वचन सांगितले त्यांची आठवण ठेवण्यास सांगितले आहे, आणि लगेच त्यांच्या वागण्याचा शेवट कसा झाला ते पाहून त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करा, असेही म्हटले आहे. आठवण आणि पारख या दोन गोष्टी तिथे एकाच वाक्यात आहेत.

आता लेखांविषयी. अशा स्मरणिकांत मीही लिहिले आहे. माझ्या स्वतःच्या मार्गदर्शकाच्या स्मरणिकेत मी दोन पानांचा लेख दिला होता. तो आज काढून वाचतो तेव्हा त्यात विशेषणे सापडतात, ते सापडत नाहीत, आणि याचे मला खरोखर दुःख होते, कारण जे तेव्हा सहज आठवत होते त्यातले निम्मे आता पुसट झाले आहे. आपल्याकडे अजून वेळ आहे. आलेले लेख आदराने परत पाठवा आणि प्रत्येकाला सांगा, की दादांसोबतचा कोणताही एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून द्या.

तो कसा लिहायचा याचा नमुना आपण सोबत जोडलेल्या आठवणीतच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले, दमून झोपलेली गावे झोपेतच गाडली गेली. दादा आपल्याला आणि आणखी दोघा तरुणांना घेऊन तिकडे गेले. एसटीतून उतरल्यावर त्यांनी तिघांची पवित्र शास्त्रे मागून घेतली, स्वतःच्या पिशवीत ठेवली, पिशवीची नाडी आवळली आणि १५ दिवस कोणी उपदेश करायचा नाही असे सांगितले. आपण ‘कामून?’ असे विचारले, त्यावर ते म्हणाले, ‘लेकरा, माणूस मातीत हात घालून आपली लेकरं हुडकायलाय. त्याला बोलणारा नको, फावडं धरणारा पायजे.’ सोळाव्या दिवशी सकाळी त्यांनी तिघांना आपापले शास्त्र परत दिले, तेव्हा त्या पिशवीला पत्र्याच्या शेडमधल्या धुराचा वास येत होता, असे आपण लिहिले आहे. पाळकसाहेब, हा परिच्छेद स्मरणिकेच्या पहिल्या पानावर घ्या. ‘प्रेमळ’ हा शब्द त्यात कुठेही नाही.

त्याच आठवणीत आपण सांगता, की कोणाचाही उपदेश झाल्यावर परतीच्या वाटेवर दादा फक्त एकच प्रश्न विचारत : ‘तू कुणासाठी बोललास?’ उत्तरात माणसाचे नाव सांगावे लागे. ‘मंडळीसाठी’ हे उत्तर चालत नसे. कापूस वेचून आलेली अमकी, ऊसतोडीला निघालेला तमका, असे नाव घेता आले नाही तर पुढच्या रविवारी पुलपिट (उपदेशाचे व्यासपीठ) मिळत नसे. उपदेश शिकवण्याची याहून नेमकी पद्धत माझ्या ऐकिवात नाही. नऊच्या नऊ जणांना विचारा, की त्या प्रश्नाला त्यांनी पहिल्यांदा कोणाचे नाव सांगितले होते. दादांची कोणती गोष्ट पटली नाही आणि आपल्या सेवेत मुद्दाम सोडून दिली, हेही त्यांना अवश्य विचारा.

यावरून तापटपणाकडे येतो. लंडनचे बॅप्टिस्ट उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी १८५६ साली, स्वतः अवघे २२ वर्षांचे असताना, थॉमस मेडहर्स्ट नावाच्या एका तरुणाला हाताशी धरून पाळकांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. स्वतः स्पर्जन कोणत्याही धर्मशिक्षण महाविद्यालयात शिकलेले नव्हते. त्यांच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह नव्हते, ते मंडळीतल्या कुटुंबांत राहत. पाळकाने घरे आतून पाहिलेली असावीत, या दृष्टीने मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला त्यांच्या सभेत कोणीतरी ‘आग, आग’ अशी खोटी ओरड केली, चेंगराचेंगरी झाली आणि ७ माणसे दगावली. तो घाव त्यांच्या मनावर कायमचा राहिला, खोल उदासीनतेचे झटके त्यांना पुढेही येत राहिले. शुक्रवारी दुपारी ते विद्यार्थ्यांशी बोलत, तेव्हा आवाज कसा लावावा, हातवारे किती करावेत यांबरोबरच पाळकाचे मन खचते तेव्हा काय होते, यावरही ते बोलले, आणि हे आपल्यावर गुदरलेले आहे हे त्यांनी लपवले नाही. १८९२ साली ते वारले, तोवर जवळजवळ ९०० जण त्यांच्या महाविद्यालयातून गेले होते. ज्या शिक्षकाचा दुबळेपणा शिष्यांना माहीत असतो, त्याच्याकडून शिष्य अधिक शिकतात, अशी माझी खात्री आहे. म्हणून दादा रागीट होते हे सरळ लिहा.

मात्र भर उपासनेतला तो प्रसंग आपण लिहू नका, आणि बाकीच्या आठही पाळकांना लिहू देऊ नका. तो प्रसंग ज्याच्यावर गुदरला त्याचा आहे. ओल्नीच्या मंडळीने केरींना नाकारले तेही मंडळीपुढेच, पण तिथे पुन्हा बोलण्याची वाट मोकळी होती. इथे ती वाट मोकळी राहिली नाही, एवढे आपल्या पत्रावरून दिसते. तेव्हा स्मरणोपासनेची पत्रिका छापण्याआधी आपण स्वतः त्या गृहस्थांकडे जा. फोन करू नका, कारखान्यावर गाठू नका, सुटीच्या दिवशी घरी जा, आणि लेख मागण्यासाठी आलो आहोत असे भासू देऊ नका. ‘झाले गेले विसरा’ हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. आपण ९ पाळक मोजता. दादांनी शिकवलेले १० होते, एवढे त्यांना सांगा, आणि चुकून नऊच म्हणत आलो याबद्दल माफी मागा. दादा दोनदा त्या घरी गेले तेव्हा काय बोलले, हे जिवंत माणसांत फक्त त्यांना माहीत आहे. त्यांनी सांगितले तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. त्यांनी नको म्हटले, तर एक ओळही छापू नका. पण शिष्यांच्या यादीत नाव घालू का, हे मात्र विचाराच.

प्रश्न : आमच्या गावात दुसरी मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे. त्यांच्यात बालकांचा बाप्तिस्मा होतो, आम्ही फक्त विश्वास कबूल केलेल्यांना पाण्यात बुडवून देतो. आमच्या दिवंगत पाळकांच्या स्मरणोपासनेत त्यांच्या पाळकांना बोलायला बोलवावे का? (परभणी जिल्ह्यातील एक सभासद)

उत्तर : अवश्य बोलवावे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा एकत्र आलेल्या ६ मंडळ्यांत उत्तर भारतातील बॅप्टिस्टही होते आणि तिथे बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीतींना जागा ठेवण्यात आली. आपला मतभेद खरा आहे आणि तो आपण सोडावा असे मी म्हणत नाही, परंतु स्मरणोपासना ही तो मांडण्याची वेळ नव्हे. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या दुसऱ्या पंथाचे होते, म्हणून मराठवाड्यातल्या बॅप्टिस्ट माणसाने त्यांचे नाव आदराने घेऊ नये असे थोडेच आहे? शेजारच्या पाळकांना अमुक विषयावर बोला असे सांगू नका. आपल्या पाळकांशी त्यांची गाठ कुठे पडे, दवाखान्यात, कब्रस्तानात की एसटी स्टँडवर, तेवढे सांगायला सांगा.

प्रश्न : माझे आजोबा पाळक होते आणि त्यांनी अनेक तरुण पाळकांना शिकवले. त्यांच्या उपदेशांच्या जवळपास ४० वह्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. काहींना वाळवी लागली आहे. आठवण म्हणून प्रत्येक शिष्याला एकेक वही द्यावी असे घरच्यांना वाटते. मला ते पटत नाही, पण कारण सांगता येत नाही. (बीड जिल्ह्यातील एक वाचक भगिनी)

उत्तर : आपल्याला पटत नाही ते योग्यच आहे. चाळीस घरी गेलेल्या चाळीस वह्या पुन्हा कधीही एकत्र येणार नाहीत, आणि माणसाचा विचार वर्षांगणिक कसा बदलत गेला हे त्या ओळीने असल्या तरच कळते.

वाळवी लागलेल्या वह्या आधी ट्रंकेतून वेगळ्या काढा आणि सावलीत, कोरड्या जागी उघडून ठेवा. उन्हात ठेवू नका, कागद ठिसूळ होतो. माती मऊ ब्रशने झाडा, ओले फडके लावू नका, शाई फुटेल. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. नंतर दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बसून, मोबाइलने, एकही पान न गाळता छायाचित्रे घ्या, कोरी पानेसुद्धा घ्या. प्रत्येक वहीला क्रमांक द्या. छायाचित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवा. ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली, तेव्हा केरींनी कित्येक वर्षे खपून रचलेल्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखित जळाले. त्यांनी काम पुन्हा हाती घेतले, पण जळाले ते जळालेच. शिष्यांना द्यायचे असेल तर छापून बांधलेली प्रत द्या, मूळ वही नको.

एक गोष्ट मात्र छायाचित्रे घेतानाच सांभाळावी लागेल. पाळकाच्या वहीत उपदेशाच्या मजकुराशेजारी प्रार्थनेसाठी लिहिलेली घरांची नावे असतात, आणि कोणाचा नवरा पितो, कोणाच्या मुलीला सासरी त्रास आहे, हेही कधीकधी असते. ते आपल्या आजोबांना विश्वासाने सांगितलेले होते. अशी पाने वेगळी नोंदवून ठेवा, कोणालाही, अगदी त्यांच्या शिष्यांनाही, दाखवू नका आणि छापील प्रतीत घेऊ नका. आपल्या आजी हयात असतील, तर ती पाने कोणती हे त्यांना विचारा. अक्षर लागत नसले तर वाचून दाखवा. नावे त्या ओळखतील.