रिकामा डबा परत का द्यायचा नाही?

प्रिय मनू,

तुझा प्रश्न ऐकला. खालच्या काकूंनी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, पाठवल्या, तू डबा धुऊन लगेच द्यायला निघालीस आणि आजीनं जिन्यातच अडवलं, “रिकामा डबा काहून नेतेस वं?” तुझं म्हणणं, डबा त्यांचा, वड्या संपल्या, मग अडलं कुठे?

आजीला विचारशील तर ती लक्ष्मीवर नेईल. मला वेगळंच वाटतं. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो तेव्हा डबे पोचवायचं काम माझ्याकडे होतं. घरात काहीच नसलं तर आई वाटीभर साखर घालायची, पण रिकामा डबा जायचा नाही. तो गेला की देणंघेणं तिथेच मिटलं. आपल्याला ते मिटवायचं नसतं. म्हणूनच सहा वड्या आल्या म्हणून मोजून सहा लाडू द्यायचे नाहीत, आणि डबा काठोकाठही भरायचा नाही. त्यांना ओझं होतं.

तुला गॅसजवळ जायची बंदी आहे, तर खजुराचे लाडू कर. यांना गॅस लागतच नाही. रव्याच्या लाडवाला पाक लागतो, इथे खजूरच सगळं धरून ठेवतो. इथे मस्कतला खलास नावाचा खजूर मिळतो, मधासारखा मऊ. तुला इतवारी बाजारातला कुठलाही मऊ खजूर चालेल, खारीक मात्र नको.

पाव किलो खजूर घे. पाकिटावर ‘बिनबियांचा’ लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर उघडून बघ. एखादी बी सापडतेच, कधी कधी अळीही. दीडशे ग्रॅम काजू, बदाम, अक्रोड सकाळी ताटात पसरून गच्चीवर उन्हात ठेव. सादळलेले असले तर तासा-दोन तासांत कुरकुरीत होतात, भाजावे लागत नाहीत. मग जाडसर कुटायचे. काकूंचा नातू दोन वर्षांचा आहे, म्हणून या खेपेला बारीक कूट, अख्खा दाणा राहू देऊ नकोस. त्याला काजू-बदाम चालतात ना, तेही आधी विचार.

खजूर मिक्सरमध्ये घालू नकोस. मी इथे एकदम सगळा घातला, पातं अडकलं आणि जळका वास आला. त्या मिक्सरनं पुन्हा काही वाटलं नाही. तू आपली पाट्यावर चेच, नाहीतर हातानं मळ. हाताला थोडं तूप लाव. कूट मिसळलं की मूठ दाबून उघड. गोळ्यावर बोटांचे ठसे तसेच राहिले तर जमलं. भुगा पडला तर आणखी दोन खजूर. हाताला चिकटत असेल तर चमचाभर खोबऱ्याचा कीस.

आता आंबिया बहाराची संत्री बाजारात असतील. एका संत्र्याची साल धुऊन पुसून घे आणि वरची केशरी तेवढीच किस. पांढरा भाग आला की कडू झालं. रस मात्र घालायचा नाही. मी लहानपणी शहाणपणा करून घातला होता, तिसऱ्या दिवशी लाडू आंबले. खजुरात साखर भरपूर आणि पाणी कमी, म्हणून तो टिकतो. रसानं ते गणित बिघडतं. आजीच्या चारोळीच्या बरणीला विचारल्याशिवाय हात लावू नकोस. ती बासुंदीसाठी जपून ठेवलेली असते.

इथेही कुणाच्या घरी गेलं की आधी खजूर आणि कहवा समोर येतो. पुरे झालं की कप जरा हलवून दाखवायचा, नाहीतर ओततच राहतात. मला हे कळेपर्यंत पहिल्या दिवशी सात कप झाले होते.

डबा देताना काकू म्हणतील, “कशाला गं केलंस एवढं?” तू नुसतं हसायचं. दहा-पंधरा दिवसांनी तोच डबा वर येईल. त्यात काय होतं, ते मला कळव.

तुझा,
बाबा