कात्री उचलण्याआधी झाड बघा

भाऊ, नवीन बाग घेतलीत, पण लगेच छाटणीला लागू नका. आधी प्रत्येक झाडाभोवती फिरून ते आपणहून कसं वाढतंय ते पाहा.

चिकूच्या फांद्या खोडाभोवती थराथराने येतात आणि झाड आपोआप घुमटासारखं होतं. त्याला वाळलेल्या नि जमिनीला टेकलेल्या फांद्या काढण्यापलीकडे फारसं काही लागत नाही. डाळिंब मुळात झुडूप, बुडापासून सारखे फुटवे काढणारं. तिथे तीन-चार खोडं ठेवून बाकीचे फुटवे वरचेवर काढावे लागतात.

आंब्याला खरा वेळ द्या. मोहोर येतो तो पक्व काडीच्या शेंड्यावर. ऐन हिवाळ्यात शेंडे छाटलेत तर त्या वर्षीचा मोहोरच गेला! मी पहिल्या वर्षी हेच केलं, अजून वाईट वाटतं. फळं उतरली की लगेच मधली एखादी उभी फांदी बुडापासून काढा, म्हणजे आत ऊन पोचेल आणि नवी पालवी पक्व व्हायला वेळ मिळेल.

पेरूचं उलट आहे. त्याला फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून शेंडे छाटलेले त्याला मानवतात.