गोल्डन मोल मोजताना: आधी वय, मग नर-मादी

नागपुरात बसून गोल्डन मोलवर, म्हणजे आफ्रिकेतल्या जमिनीत बिळं करणाऱ्या छोट्या सस्तन प्राण्यावर, काम करायचं म्हणजे तुझ्या हाती येणार आफ्रिकेतल्या संग्रहांमधली मापं आणि फोटो. तेव्हा आधी नमुन्यासोबतची नोंदपट्टी तपास. या प्राण्याचे वृषण पोटातच असतात, मलमूत्र आणि जननमार्गाचं छिद्रही एकच. त्यामुळे बाहेरून पाहून लिहिलेलं 'नर' किंवा 'मादी' सहज चुकतं. शवविच्छेदनाची नोंद नसेल तर तो नमुना 'लिंग अनिश्चित' गटात टाक, अंदाज बांधू नकोस.

वय ठरवताना आकारावर विसंबू नकोस. कायमचे दात उशिरा येतात, शरीर जवळजवळ पूर्ण वाढलेलं असतानाही दुधाचे दात दिसू शकतात. चार गट पुरतात: दुधाचे दात, नवे कायमचे दात, झिजलेली टोकं, सपाट झालेले दात. कवटीच्या तळाचा सांधा जुळलाय का, तेही पाहा. बऱ्याच जातींत नर मोठे असतात, पण म्हातारे नर आणि तरुण माद्या यांची तुलना केलीस तर वयाचा फरक लिंगाच्या नावावर जाईल. म्हणून लिंग आणि वय एकाच विश्लेषणात घे. वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने एकत्र करू नकोस.

हात बसवायला चिचुंद्रीची कवटी उत्तम, तिच्यातही नर मोठा असतो. दोघांचं जवळचं नातं मात्र नाही. डिजिटल कॅलिपरनं प्रत्येक माप तीनदा घे, आधीचा आकडा झाकून. आपल्याकडच्या मे महिन्यात कवट्या बंद डब्यात ठेव. कोरड्या हवेत दात तडकतात आणि झिजेचा गट ठरवणं अवघड होतं.