गिटारला व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर?

प्रश्न : आमचा तासगावला ऑर्केस्ट्रा आहे. गणपतीत आणि गावोगावच्या यात्रांत कार्यक्रम असतात, वीज बहुधा जनरेटरची. गिटारसाठी १५ वॅटचा व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की १०० वॅटचा ट्रान्झिस्टरचा?

उत्तर : वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. १५ आणि १०० वॅटमध्ये फरक सुमारे ८ डेसिबलचा, म्हणजे कानाला दुप्पटही नाही. शिवाय व्हॉल्व्हचा आवाज हळूहळू फाटतो आणि तो फाटलेला सूरच गिटारवाल्याला हवा असतो, त्यामुळे १५ वॅट शेवटपर्यंत वापरता येतात. ट्रान्झिस्टर मर्यादा ओलांडली की एकदम करकरतो, म्हणून तिथे वॅट शिल्लक ठेवावे लागतात. मैदानात आवाज पोहोचवायचे काम मोठ्या साउंड सिस्टीमचे. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीपासून दोन बोटांवर, स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला डायनॅमिक माइक लावा.

तुमची खरी अडचण जनरेटर. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात. २३० ऐवजी १८० आले, तर तिथे जेमतेम ४.९ पोहोचतात आणि आवाज मरतो. २६० झाले तर ७.१. शिवाय व्हॉल्व्हला मिळणारा ४०० व्होल्टचा डीसी ४५० वर जातो आणि व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. कार्यक्रमाआधी, लाइटिंग पूर्ण चालू असताना, मल्टिमीटरने विजेचा दाब (व्होल्टेज) मोजाच. चढउतार जास्त असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे यंत्र) लावा, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय गिटारच्या तारांना हात लावू नका. तेवढी सोय नसेल, तर आमचे मत स्पष्ट आहे : ट्रान्झिस्टरचा घ्या.

स्पीकरचे नियम दोघांचे वेगळे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून तो जळतो. ट्रान्झिस्टरला स्पीकर नसला तरी चालते, पण ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम होतात. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘किमान ८’ लिहिले असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जातात.

कीबोर्ड मात्र गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लावू नका. त्याला स्वच्छ आवाज लागतो. तो थेट मिक्सरला द्या.

प्रश्न : व्हॉल्व्हच्या आतली प्लेट लालभडक दिसते. धोका आहे का? (मिरज)

उत्तर : आहे, ताबडतोब बंद करा. नियंत्रण सुटून व्हॉल्व्हमधून जादा करंट वाहतो आहे. पूर्ण थंड झाल्यावर, प्लग काढून, दोन्ही आउटपुट व्हॉल्व्हची अदलाबदल करा आणि काही सेकंदच चालू करून पाहा. लाली व्हॉल्व्हबरोबर सरकली तर व्हॉल्व्ह खराब. जागेवरच राहिली तर त्या सॉकेटकडे येणारा कपलिंग कॅपॅसिटर (आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा) गळतो आहे किंवा बायसचा, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट आवरून धरणारा, व्होल्टेज पोहोचत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह लाल होत असतील तर संशय बायसच्या पुरवठ्यावरच. पुढचे काम जाणकाराकडे द्या. प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा दाब उरतो.