तेरा वर्षं बिल्डिंगा सांभाळल्या, पण दाखवायला काय?

"मॅडम, एवढी वर्षं झाली नोकरीला, पण दाखवायला हातात काहीच नाही." मी कोल्हापुरात करिअरबद्दल सल्ला देते, आणि हे वाक्य माझ्याकडे वर्षातून दहा-पंधरा वेळा तरी येतं. पूर्वी बँकवाले म्हणायचे, मग आयटीवाले, आणि हल्ली त्यात कमर्शियल रिअल इस्टेट सर्व्हिसेसवाल्यांची भर पडलीय. म्हणजे बिल्डर नाहीत, फ्लॅट दाखवणारे एजंटही नाहीत. कंपन्यांना ऑफिससाठी जागा शोधून देणारे, भाडेकरार जुळवणारे, जागेची किंमत काढणारे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्या काचेच्या बिल्डिंगा रोजच्या रोज चालवणारे. पुण्यात खराडी, हिंजवडी, बाणेरला आपली कोल्हापूरची किती पोरं या कामात आहेत ते मला राजारामपुरीतल्या माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत बसून कळलं.

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्याला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाव तर लिहीतच नाही, आपण दादा म्हणू.

दादा आला गणपतीच्या सुट्टीत. वय अडतीस, मेकॅनिकलचा डिप्लोमा इथलाच, २०१२ ला पुण्यात एका प्रॉपर्टी सर्व्हिसेस कंपनीत शिफ्ट इंजिनिअर म्हणून लागला आणि आता एका आयटी बिल्डिंगचा फॅसिलिटी मॅनेजर आहे. बायको आणि पोरगी पुण्यात, आई एकटी इथं मंगळवार पेठेत. बसल्या बसल्या त्याने माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलला, तो पेपरवेट म्हणजे एका फाउंड्रीवाल्या क्लायंटने दिलेलं रिजेक्ट कास्टिंग आहे, पंप इम्पेलरचं, एक पातं अर्धवट भरलेलं. हातात फिरवत म्हणाला, "माझ्या बॅचचे निम्मे शिरोली एमआयडीसीत आहेत. त्यांना हे दाखवता येतंय की, हे मी केलं म्हणून. मी काय दाखवू, एसी चालू आहे हे दाखवू?"

मग कळलं की ठिणगी कुठं पडली. चुलत बहिणीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत मामांनी विचारलं, "काय करतोस म्हणायचं तू सध्या?" याने सांगितलं फॅसिलिटी मॅनेजर, अमुक लाख स्क्वेअर फुटांची बिल्डिंग, एवढे टेनंट, म्हणजे भाडेकरू कंपन्या. मामा म्हणाले, "म्हंजे वॉचमनांचा मुकादमच की रं तू." पंगत हसली, हाही हसला, आणि त्या रात्री याला झोप लागली नाही. अडतिसाव्या वर्षी मामाच्या एका वाक्याने झोप उडते तेव्हा ते वाक्य मामाचं नसतं, ते आधीच आत कुठंतरी बसलेलं असतं, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय.

याने तर पुढचं ठरवूनच टाकलं होतं. मार्चनंतर नोकरी सोडायची, कोल्हापुरात यायचं आणि तांबडा-पांढऱ्याचं हॉटेल काढायचं. (पुण्याहून कंटाळून येणारा प्रत्येक तिसरा माणूस मला हेच सांगतो, उरलेले दोघं मिसळ म्हणतात. कोल्हापुरात आता खाणाऱ्यांपेक्षा खाऊ घालणारे जास्त होतील.) मी विचारलं, महिन्याचा खर्च किती धरलाय, मटणाचा भाव काय धरलाय, दोन आचारी सोडून गेले तर काय, श्रावणात काय करणार? त्याच्याकडे एक आकडा नव्हता. आणि हाच माणूस दर वर्षी टेनंटसमोर कॅमचं बजेट ठेवतो! कॅम म्हणजे कॉमन एरिया मेंटेनन्स, लिफ्ट, लॉबी, सिक्युरिटी, जनरेटरचं डिझेल, सगळ्याचा खर्च भाडेकरूंमध्ये त्यांच्या एरियाच्या हिशोबाने वाटायचा असतो, आणि टेनंटचे अकाउंटंट एकेका ओळीवर भांडतात. तिथं हा फिनेलच्या कॅनचाही हिशोब देतो. स्वतःच्या हॉटेलला एक एक्सेल शीट सुद्धा नाही. तेव्हाच मला वाटलं की याला हॉटेल नकोच आहे, याला फक्त कुठूनतरी निघायचंय.

कशातून निघायचंय हे शोधायला मी नेहमी एक साधी गोष्ट करते. आवड, पॅशन, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, असले प्रश्न मी विचारत नाही, त्याला लोक मुलाखतीतली पाठ केलेली उत्तरं देतात. मी म्हटलं, मागच्या मंगळवारचा दिवस सांगा, सकाळी डोळा उघडल्यापासून.

तो आधी म्हणाला रोजचंच हो, त्यात काय सांगायचं. मग सुरू झाला. पावणेसातला शिफ्टवाल्याचा फोन, एक चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं मशीन) ट्रिप होऊन बंद पडलाय आणि नऊला टेनंटचा फ्लोअर भरणार, स्टँडबाय चालू करायला सांगून हा आंघोळीला. साडेआठला साइटवर. एका मजल्यावर फिटआउटचं, म्हणजे नवं ऑफिस आतून तयार करण्याचं काम चाललेलं, वेल्डिंगवाला हॉट वर्क परमिट (ठिणग्या उडणाऱ्या कामाची परवानगी) न घेताच सुरू झालेला आणि वरचा स्मोक डिटेक्टर कुणीतरी पिशवीने झाकलेला, ते काम थांबवलं, कॉन्ट्रॅक्टरने आवाज चढवला, याने चढवला नाही. अकराला लिफ्टमध्ये चौघं अडकले, त्यात एक गरोदर बाई, लिफ्ट कंपनीचा माणूस येईपर्यंत हा दाराबाहेर उभं राहून तिच्याशी बोलत होता, गाव कुठलं, डॉक्टर कोण, असलं काहीही. दुपारी कॅमवरनं भांडण. चारला जनरेटर लोडवर घेऊन टेस्ट. सहाला मालकाच्या ऑफिसला महिन्याचा रिपोर्ट. आठला निघाला.

मी म्हटलं, त्या बाईने नंतर काय केलं? म्हणाला, "काय करणार, तक्रार केली मेलवर. लिफ्ट बंद पडली म्हणून." आणि मग दोघंही हसलो, कारण रडण्यासारखंच होतं ते.

सहज म्हणून विचारलं, लॉकडाऊनमध्ये काय केलं? मार्च २०२० मध्ये सगळी ऑफिसं रिकामी झाली तेव्हा बिल्डिंगचं काय काम असणार असं मलाही वाटलं होतं. तर हा आणि पाच जण तेवीस रात्री बिल्डिंगमध्ये झोपले. कारण माणसं घरी गेली तरी टेनंटचा सर्व्हर रूम तिथंच होता, त्याला चोवीस तास कूलिंग आणि यूपीएस लागतं, तो गेला तर घरून लॉगिन करणारे सगळे बसले. शिवाय पाइपात पाणी साचून खराब होऊ नये म्हणून रोज एकेका मजल्यावरचे नळ सोडायचे, जनरेटर ठरल्या दिवशी फिरवायचा, फायर पंप बघायचा. अख्ख्या रिकाम्या बिल्डिंगमध्ये रात्री टॉर्च घेऊन नळ सोडत फिरणारी सहा माणसं, डोळ्यासमोर आणा. त्याने हे मला शेवटच्या पाच मिनिटांत, उठता उठता सांगितलं. बायकोलाही पूर्ण माहीत नव्हतं. "ते काय मॅडम, ड्युटी होती."

तर या कामाचा पेचच हा आहे. काम नीट झालं की कुणाला दिसत नाही आणि चुकलं की सगळ्यांना दिसतं. वर्षाला काही झालं नाही हेच तुमचं यश, आणि ‘काही झालं नाही’ हे पंगतीत सांगायचं कसं? पण एवढ्यावर मी थांबले नाही, कारण नुसतं "तुमचं काम किती मोठं आहे" म्हणून पाठ थोपटली की माणूस आठवडाभर खूश असतो आणि परत तिथंच येतो. दुसऱ्या भेटीत खरं निघालं ते वेगळंच. दादाचा पगार त्याची सर्व्हिस कंपनी देते, बसतो तो क्लायंटच्या बिल्डिंगमध्ये, आणि कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं. दर तीन वर्षांनी टेंडर. नवी कंपनी आली की साइटवरची माणसं बऱ्याचदा तीच राहतात, फक्त पगार देणारा बदलतो. तेरा वर्षांत याचं हे असं दोनदा झालं होतं, मार्चमध्ये तिसऱ्यांदा होणार होतं. क्लायंटच्या दिवाळीच्या फोटोत ‘व्हेंडर टीम’ बाजूला, आणि सर्व्हिस कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाला साइट सोडून जाता येत नाही. दोन्ही घरचा पाहुणा. मामाचं वाक्य नेमकं तिथं जाऊन लागलं होतं. म्हणजे कामाला तो कंटाळला नव्हता, आपण नक्की कुणाचे याला कंटाळला होता, आणि हॉटेल काढून त्याला उत्तर मिळालं नसतं.

इथं एक सांगते, या धंद्यातल्या सगळ्यांची काळजी एकसारखी नसते. लीजिंगवाल्यांचं, म्हणजे भाडेकरार जुळवणाऱ्यांचं वेगळं. त्यांच्यातला एक माझ्याकडे यायचा, त्याचं दुखणं म्हणजे आठ-दहा महिने एका क्लायंटमागे फिरायचं, पंधरा जागा दाखवायच्या, लॉक-इन (ठरल्या काळाआधी जागा सोडायची नाही ही अट), डिपॉझिट, दर तीन वर्षांची भाडेवाढ सगळं जुळवायचं आणि शेवटच्या मीटिंगला वरनं निरोप येतो की यंदा एक्सपान्शन नाही. इन्सेंटिव्ह शून्य. वर नातेवाईक ‘दलाल’ म्हणणार. त्याला मी कोल्हापुरात परत येण्याबद्दल नाही म्हटलं नाही, ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं सुरू झालंय, सहा जिल्ह्यांची प्रकरणं येतात, बाहेरगावचे वकील ऑफिसला जागा विचारतात असं तोच सांगायचा. पण पुण्यातल्या एका डीलएवढी ब्रोकरेज इथल्या पाच गाळ्यांत निघेल का हे बघूनच ये, एवढंच म्हटलं. असो, तो विषय वेगळा.

दादाला मी गृहपाठ दिला. तेरा वर्षांतलं फक्त ते लिहा ज्यात आकडा आहे. पहिल्यांदा दोन ओळी आल्या. दुसऱ्यांदा चार पानं! चिलरची वेळ आणि सेटिंग बदलून विजेचं बिल किती खाली आणलं, डिझेल किती वाचलं, किती फायर ड्रिल, सगळी बिल्डिंग किती मिनिटांत खाली केली, किती कंत्राटदार हाताळले. मग आम्ही रस्ते बघत बसलो. व्हॅल्युएशनचं, म्हणजे मालमत्तेची किंमत काढण्याचं त्याच्या डोक्यात होतं, पण आयबीबीआयच्या (व्हॅल्युअरची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणीसाठी त्या लाइनची पदवी लागते आणि याच्याकडे डिप्लोमा, तो रस्ता तिथंच बंद, मी उगाच आशा लावत नाही. दुसरा रस्ता, बाजू बदलायची, म्हणजे जी कंपनी भाडेकरू आहे तिच्याच ॲडमिन किंवा रिअल इस्टेट टीममध्ये जायचं, म्हणजे निदान कुणाचे हा प्रश्न तरी मिटतो. तिसरा, बीईईची (ऊर्जा बचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) एनर्जी ऑडिटरची परीक्षा, म्हणजे वीज-इंधन कुठं वाया जातं ते तपासणाऱ्याची, तिला अनुभवाच्या अटीवर डिप्लोमावाल्यांनाही बसता येतं. हे त्याला माहीत होतं, साइटवर ऑडिटला येणाऱ्यांना प्लांट हाच फिरवून दाखवायचा, पण आपण बसावं असं कधी मनात आलं नव्हतं.

नंतर एका शनिवारी तो शिरोलीला मित्राच्या मशीन शॉपवर गेला, नुसता चहाला. जेवणाची सुट्टी, सगळ्या मशिनी बंद, आणि कोपऱ्यातला कॉम्प्रेसर तरी दर दोन-तीन मिनिटांनी लोड घेतोय. हवा वापरणारं कुणी नाही म्हटल्यावर ती जातेय कुठं? हा चहा सोडून उठला आणि पाइपलाइनला कान लावत फिरला. साबणाचं पाणी मागवलं. सात ठिकाणी बुडबुडे. मित्र म्हणाला, "लेका, बिल बघून मी रडालोय आणि तू हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीस व्हय?" हे मला सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदा मोठा झाला होता. मी लगेच "बघा, सापडलं!" म्हणाले नाही. सात भोकं बुजवली म्हणजे करिअर होत नाही, आणि मित्राने त्या कामाचे पैसे दिले नव्हते हेही मी त्याला विचारून घेतलं.

मार्चमध्ये टेंडर दुसऱ्या कंपनीला गेलं. माणसं तीच राहिली, दादाच्या गळ्यातली आयकार्डची निळी दोरी जाऊन हिरवी आली. या वेळी सही करण्याआधी त्याने ती चार पानं नव्या कंपनीच्या माणसासमोर ठेवली आणि पगारवाढ मागितली, मागितली तेवढी नाही मिळाली, पण मिळाली. भाडेकरू कंपन्यांत दोन ठिकाणी अर्ज केलेत, एकीकडून नकार आलाय, एक बाकी. परीक्षेचा अभ्यास रात्री साडेनऊ ते अकरा, त्यात पोरगी मांडीवर. हॉटेलचं नाव परत काढलेलं नाही, पण आईचा प्रश्न काही सुटलेला नाही. ती पुण्याला राहायला येणार नाही म्हणते आणि हा दर दुसऱ्या शनिवारी एसटीत बसतो.

मे महिन्यात मात्र आठ दिवसांसाठी आई गेली होती. रविवारी त्याने तिला बिल्डिंग दाखवायला नेलं. तिने खालनं वरपर्यंत मान मागं टाकून बघितलं आणि विचारलं, "एवढ्या काचा पुसतंय कोण रं?" मग तो सांगायला लागला, दोरावरनं उतरणारी माणसं कशी येतात, वर गच्चीवर दोर कुठं बांधतात, वारा जास्त असला की काम का थांबवायचं. पोरगी कंटाळली, वहिनी गाडीत जाऊन बसल्या. अर्धा तास झाला तरी दोघं पार्किंगच्या कडेला उन्हातच उभे होते, असं वहिनींनी मला फोनवर सांगितलं. त्यांचा फोन खरं तर पोरीच्या शाळेबद्दल होता.