यिन श्याओयानचं रौप्य आणि तुमच्या मुलीचं वजन

कराटे खेळणाऱ्या मुलींच्या पालकांची पत्रं या सदराकडे नेहमी येतात. चीनच्या यिन श्याओयानच्या लढतींच्या क्लिप मोबाइलवर फिरू लागल्यापासून त्यांतली निम्मी तरी तिचं नाव घेऊनच येतात. गोंधळ सगळ्यांचा तोच आहे, म्हणून निवडक पत्रांना इथे एकत्र उत्तरं देते.

प्रश्न : टोकियो ऑलिंपिकमध्ये यिनला सुवर्ण मिळालं होतं ना? आमच्या क्लासच्या ग्रुपवर तसा फोटो आला आहे. (नाशिक)

नाही, रौप्य मिळालं. 61 किलो गटाचं सुवर्ण सर्बियाच्या योव्हाना प्रेकोविचने जिंकलं. ग्रुपवर आलेला फोटो म्हणजे निकालपत्रक नव्हे.

प्रश्न : अंतिम लढत 0-0 सुटली, तरी यिन हरली. म्हणजे पंचांनी अन्यायच केला ना? (पुणे)

अन्याय झाला नाही, नियमाप्रमाणे निर्णय झाला. कुमितेमध्ये, म्हणजे कराटेच्या समोरासमोरच्या लढतीत, ठोशाला एक गुण, पोटावर किंवा पाठीवर बसलेल्या लाथेला दोन, आणि डोक्यापर्यंत गेलेल्या लाथेला किंवा खाली पडलेल्या प्रतिस्पर्धीवरच्या नेमक्या वाराला तीन. लढत तीन मिनिटांची. गुण समान झाले तर ज्या खेळाडूने आधी एकतर्फी गुण घेतला, तिच्याकडे ‘सेन्शू’ असतो आणि ती जिंकते. पण 0-0 मध्ये सेन्शू कुणाकडेच नसतो. अशा वेळी हान्तेई, म्हणजे पंचांच्या मतांवर निकाल, होतं. चार कोपऱ्यांवरचे पंच आणि मधला रेफ्री झेंडे वर करतात. पुढाकार कुणी घेतला, डावपेच कुणाचे सरस होते, लढण्याची जिद्द कुणी दाखवली, हे पाहून ते मत देतात.

ही लढत 6 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोच्या निप्पोन बुदोकानमध्ये झाली. आधी माद्रिदचं लक्षात घ्या. तिथे झालेल्या 2018 च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीतही याच दोघी समोरासमोर होत्या आणि तिथेही प्रेकोविचच जिंकली होती. एकमेकींचा एकेक डाव माहीत असलेल्या दोघी जेव्हा ऑलिंपिक सुवर्णासाठी उभ्या राहतात, तेव्हा आधी चूक करायची कुणाचीच तयारी नसते. पाय पुढे टाकला की प्रतिठोसा बसणार, हे दोघींनाही ठाऊक असतं. ज्यांना 0-0 कंटाळवाणं वाटतं, त्यांनी ती लढत आवाज बंद करून फक्त दोघींच्या पायांकडे बघत पाहावी. अंतर राखणं म्हणजे काय ते तिथे दिसतं. मला स्वतःला त्या दिवशीचं यिनचं रौप्य फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : कराटे मूळचं चीनचंच, मग यिनला जमणारच! बरोबर ना? (सोलापूर)

नाही. कराटे ओकिनावा बेटांवर घडलं आणि तिथून जपानभर गेलं. चिनी युद्धकलांचा त्यावर प्रभाव आहे, पण त्यामुळे कुणाला जन्मतः गुण मिळत नाहीत.

प्रश्न : यिनने 61 किलोचाच गट का धरून ठेवला? तो सोपा असतो असं ऐकलं. (कोल्हापूर)

हे ‘ऐकलं’ सोडून द्या. जागतिक आणि आशियाई स्पर्धांत त्या काळी महिलांच्या कुमितेचे पाच गट होते : 50, 55, 61, 68 आणि 68 च्या वर. टोकियोत कराटेला एकूण आठच पदकस्पर्धा मिळाल्या, म्हणून महिलांचे पाचाचे तीन गट झाले : 55, 61 आणि 61 च्या वर. 50 किलोच्या मुलींना 55 च्या मुलींशी भिडावं लागलं, 68 च्या मुलींना त्यांच्याहून जड खेळाडूंशी. 61 चा गट तेवढा जसाच्या तसा राहिला. ऑगस्ट 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत यिनने सुवर्ण जिंकलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात माद्रिदला रौप्य, आणि 2021 मध्ये टोकियोत रौप्य. तिन्ही वेळा गट हाच. टोकियोत प्रत्येक गटात फक्त दहाजणी होत्या. त्या दहांत येण्यासाठी जगभर जी झुंज लागते, ती पाहिली की ‘सोपा गट’ हे शब्द तोंडातून निघणार नाहीत. चीनचं टोकियोतलं कराटेचं दुसरं पदकही एका महिलेचंच : 61 वरील गटात गोंग लीचं कांस्य.

प्रश्न : माझी मुलगी 14 वर्षांची, वजन साडेपन्नास किलो. सर म्हणतात 47 खालच्या गटात उतरव, तिथे पदक नक्की. ते म्हणतात, ‘यिन वर्षानुवर्षं एकाच वजनावर राहिली, यालाच शिस्त म्हणतात.’ स्पर्धेला बारा दिवस आहेत. मुलगी रात्रीचं जेवण सोडते आहे. गेल्या दोन महिन्यांत पाळी आलेली नाही. चालेल का? (ठाणे)

चालणार नाही. आज रात्री तिला जेवायला घाला आणि मग पुढचं वाचा.

यिन जकार्ताला उतरली तेव्हा पूर्ण वाढ झालेली स्त्री होती. वरिष्ठ गटात कुमिते खेळायला मुळात वयाची 18 वर्षं पूर्ण असावी लागतात. वाढ संपलेल्या शरीराचं वजन तीन वर्षं एका आकड्याजवळ राहणं ही साधी गोष्ट आहे. तुमच्या मुलीची उंची अजून वाढते आहे, हाडं भरत आहेत. चौदाव्या वर्षी वजन वाढायलाच हवं. ते जागच्या जागी अडकलं तर मी काळजी करते, आणि इथे तर ते साडेतीन किलोंनी खाली आणायचं चाललं आहे. म्हणजे शरीराच्या जवळपास सात टक्के. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के इतकं पाणी कमी झालं, म्हणजे हिच्या बाबतीत जेमतेम एक किलो, तरी दम आणि लक्ष दोन्ही घसरू लागतात. अशी मुलगी तातामीवर, म्हणजे लढतीच्या मॅटवर, उभी राहिली तर समोरून आलेली लाथ तिला उशिरा दिसते.

स्पर्धेच्या डॉक्टर म्हणून मी वजनाच्या काट्याशेजारी बसते. सकाळी सातला हॉलच्या जिन्यावर एक मुलगी रेनकोटवर रेनकोट घालून चढउतार करत असते. ओठ फाटलेले, जीभ कोरडी, हातात रिकामी बाटली, आणि त्या बाटलीत ती थुंकत असते. शेजारी आई उभी, हातात केळं आणि ग्लुकोज, ‘काटा झाला की लगेच खा’ म्हणत. नाडी बघायला मनगट धरलं तर हात गार लागतो. हे दृश्य मला कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत दिसतंच, आणि दर वेळी उत्तर मिळतं, ‘सगळेच करतात, मॅडम.’

सगळे करतात त्याचं काय होतं तेही ऐका. 1997 मध्ये अमेरिकेत साधारण महिनाभरात महाविद्यालयीन तीन कुस्तीगीर वजन उतरवताना गेले. घाम काढणारे रबरी कपडे आणि तापलेल्या खोलीत व्यायाम, हाच मार्ग होता. त्यानंतर तिथले नियम बदलावे लागले. 7 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट 100 ग्रॅमने बाद झाली. आदली रात्रभर वजन उतरवण्याचे उपाय चालले होते आणि नंतर शरीरातलं पाणी कमी झाल्याने तिच्यावर उपचार करावे लागले. त्यावरून आपल्याकडच्या अनेकांनी ‘अजून थोडं उतरवायला हवं होतं’ असा धडा काढला. हा धडा लहान मुलींच्या अंगावर येतो आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

आता पाळीबद्दल. ‘खेळणाऱ्या मुलींची पाळी चुकतेच’ हे वाक्य मी मैदानावर, स्टाफरूममध्ये, इतकंच काय दवाखान्यातही ऐकलं आहे. ते चूक आहे. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली एक-दोन वर्षं ती थोडी मागेपुढे होते, हे खरं. पण जेवण तोडलेल्या मुलीची पाळी थांबणं म्हणजे शरीराने खर्च कमी करायला सुरुवात केल्याची खूण असते. खाण्यातून येणारी ऊर्जा आणि खेळात जाणारी ऊर्जा यांचा मेळ बसला नाही की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडांची बांधणी मंदावते, प्रतिकारशक्ती घटते, झोप आणि मूड बिघडतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या साऱ्याला एकत्र नाव देऊन इशारा दिला. हाडांचा बहुतांश साठा अठराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत तयार होतो. ही वर्षं हातची गेली तर पुढे कॅल्शियमच्या गोळ्या ती भरून काढत नाहीत. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुली मी तपासते, आणि पहिला प्रश्न पाळीचाच विचारते.

‘पाणी काढणारी गोळी’ कुणी सुचवली असेल तर ती कचऱ्यात टाका. ही औषधं उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत. त्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

काय करायचं? या स्पर्धेत ती आहे त्या वजनाच्या गटात खेळेल, नाहीतर खेळणार नाही. या आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, जमल्यास दोघांकडे. उंची-वजनाचे जुने आकडे शाळेच्या आरोग्यपत्रिकेतून काढून सोबत घ्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन, व्हिटॅमिन डी, थायरॉइड यांबद्दल विचारा. जेवणाबद्दल ती काही लपवते असं वाटलं तर समुपदेशकाची वेळ घ्या आणि तिला रागावू नका. सरांना हे पत्र दाखवा. त्यानंतरही ते 47 वर अडून बसले तर क्लास बदला.

प्रश्न : जिमच्या शेजारच्या दुकानदाराने मुलीला ‘फॅट बर्नर’ आणि प्रोटीन पावडर दिली. ‘चिनी खेळाडू हेच घेतात’ म्हणाला. द्यावी का? (छत्रपती संभाजीनगर)

फॅट बर्नर अजिबात नाही. चिनी खेळाडूंचं नाव घेऊन डबा विकणाऱ्याकडे त्याचा काय पुरावा आहे, ते विचारा. अशा डब्यांत लेबलवर न लिहिलेले पदार्थ सापडल्याने खेळाडूंवर बंदी आलेली आहे आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथे चालत नाही. पोटात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची. प्रोटीनसाठी डाळ, उसळ, दूध, अंडी, मासे. कमी पडतं असं वाटलं तर क्रीडा आहारतज्ज्ञांना भेटा, दुकानदाराला नको.

प्रश्न : एका क्लासने ‘ऑलिंपिक बॅच’ सुरू केली आहे, फी नेहमीच्या तिप्पट. वर्षात ब्लॅक बेल्ट आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र देतात. (नागपूर)

पॅरिस 2024 मध्ये कराटे नव्हतं. लॉस एंजलिस 2028 च्या कार्यक्रमातही नाही. म्हणजे या बॅचचं नावच खोटं आहे. आशियाई क्रीडा स्पर्धेत मात्र 1994 पासून कराटे आहे आणि जागतिक स्पर्धा चालूच आहेत, तेव्हा मुलीला आवडत असेल तर खेळू द्या. वर्षात मिळणारा ब्लॅक बेल्ट घेऊ नका. आपल्याकडे संघटनांच्या मान्यता बदलत आल्या आहेत. कुठल्याही ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धेची फी भरण्याआधी ती संघटना जागतिक कराटे महासंघाच्या यादीत आहे का ते स्वतः तपासा आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा.

प्रश्न : सरावात मुलीच्या जबड्यावर लाथ बसली, दहा दिवस झाले. डोकं अधूनमधून दुखतं, उजेड सहन होत नाही. रविवारी जिल्हा स्पर्धा आहे. माउथगार्ड घालून खेळवू का? (सातारा)

रविवारी खेळवू नका. माउथगार्ड दात वाचवतो, मेंदूचं हादरणं थांबवत नाही. टोकियोतच पुरुषांच्या 75 वरील अंतिम लढतीत सौदीच्या तारेग हमेदीची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला बसली आणि तो बेशुद्ध पडला. हमेदी 4-1 ने पुढे असूनही जास्त जोराच्या आघातासाठी बाद झाला. खेळाडू पडून दहा सेकंदांत उभा राहिला नाही तर त्याला त्या स्पर्धेतल्या कुमितेतून बाहेर काढतात, कारण मेंदूच्या दुखापतीवर लगेच दुसरा मार बसणं जिवावर बेतू शकतं. तुमची मुलगी दहा दिवसांनंतरही बरी नाही. थांबायला नको होतं इतके दिवस. उद्या सकाळी न्यूरॉलॉजिस्ट किंवा क्रीडावैद्यक तज्ज्ञांकडे न्या. उलटी, गुंगी, बोलण्यात अडखळणं, हातपाय बधिर होणं यांतलं काहीही दिसलं तर सकाळचीही वाट पाहू नका, रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. ती परत तातामीवर कधी उतरेल, ते त्या डॉक्टरांनी लेखी द्यायचं.