मैत्री, करुणा, मुदिता यांच्या ओळीत ‘उपेक्षा’ कशी?

प्रश्न असा आहे: पातंजल योगसूत्रांच्या एका मराठी अनुवादात ‘सुखी माणसांशी मैत्री, दुःखितांवर करुणा, पुण्यवानांविषयी आनंद आणि पापी लोकांची उपेक्षा करावी’ असं वाक्य आहे. पहिल्या तिघी सद्भावना आहेत. त्यांच्या शेजारी उपेक्षेसारखी कोरडी गोष्ट कशी बसते? अनुवादकाने दुसरा शब्द घ्यायला हवा होता का? आणि रोजच्या जगण्यात यातून नेमकं काय घ्यायचं?

मूळ सूत्र पहिल्या पादातलं, म्हणजे पहिल्या भागातलं, तेहतिसावं आहे: ‘मैत्रीकरुणामुदितोपेक्षाणां सुखदुःखपुण्यापुण्यविषयाणां भावनातश्चित्तप्रसादनम्’. म्हणजे ‘उपेक्षा’ हा शब्द अनुवादकाचा नाही, खुद्द पतंजलींचा आहे. गडबड झाली आहे ती त्याच्यापुढे लावलेल्या ‘करावी’ या क्रियापदाने. त्याकडे शेवटी येतो.

आधी शब्द. उपेक्षेच्या पोटात ‘ईक्ष्’ हा धातू आहे, अर्थ ‘पाहणे’. अपेक्षा, परीक्षा, प्रतीक्षा, समीक्षा, निरीक्षण, प्रेक्षक, इतकंच काय, अलंकारांतली उत्प्रेक्षासुद्धा याच धातूची लेकरं. बघण्याची तऱ्हा उपसर्गाने ठरते. सर्व बाजूंनी पाहिलं की परीक्षा, वाटेकडे डोळे लावून बसलं की प्रतीक्षा. उपेक्षेतही पाहणं आहेच. डोळेझाक आणि कानाडोळा या आपल्या शब्दांत डोळा मिटलेला किंवा वळवलेला असतो. उपेक्षेत तो उघडा आहे. समोरचं दिसतंय, कळतंय, पण त्यात हात घातलेला नाही. आता हात का घातला नाही, यावर सगळं अवलंबून. पर्वा नाही म्हणून घातला नाही, तर ती हेळसांड. घालून उपयोग नाही आणि आपलं मन मात्र गढूळ होईल हे ओळखून घातला नाही, तर ते वेगळंच काही. व्युत्पत्तीने अर्थ सिद्ध होत नाही हे खरं, पण एका शब्दात हे दोन्ही अर्थ कसे मावले हे तिच्यावरून समजतं.

मराठीने संस्कृतातला उदात्त शब्द बिघडवला, असं यावर काही जण लगेच म्हणतात. ते मला मान्य नाही. ‘दुर्लक्ष’ हा अर्थ संस्कृतातही जुनाच आहे. राजनीतीत साम, दान, भेद, दंड या चार उपायांना माया, उपेक्षा आणि इंद्रजाल जोडून सात उपाय सांगितले जातात. तिथली उपेक्षा ही शत्रूबाबतची चाल आहे, चित्तशुद्धी नव्हे. आणि समर्थांच्या मनाच्या श्लोकांतलं ‘नुपेक्षी कदा राम दासाभिमानी’ आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी पाठ केलेलं असतं. ‘नुपेक्षी’ म्हणजे न उपेक्षी, वाऱ्यावर सोडत नाही. तेव्हा ‘मुलांची उपेक्षा झाली’, ‘उपेक्षित समाज’ हे प्रयोग शंभर टक्के बरोबर आहेत. त्यांना कुणी योगसूत्र दाखवून चूक ठरवू नये.

सूत्रातली उपेक्षा मात्र पारिभाषिक आहे, आणि तिला दोन अटी आहेत.

पहिली अट विषयाची. चार भावना आणि चार विषय क्रमाने जुळवायचे आहेत: सुखाला मैत्री, दुःखाला करुणा, पुण्याला मुदिता, अपुण्याला उपेक्षा. उपेक्षा सरसकट जगाची नाही. शेजारचं माणूस रडत असताना ‘मी अलिप्त राहायला शिकतोय’ म्हणणाऱ्याने सूत्र अर्धंच वाचलं आहे. तिथे पतंजलींनी करुणा सांगितली आहे. एकच माणूस एकाच वेळी दुःखीही असतो आणि वाईटही वागत असतो, असं तर नेहमीच होतं. तेव्हा काय करायचं हे सूत्र सांगत नाही. माझ्या मते तिथे करुणेचा मान पहिला. आणखी एक बारकावा: सूत्रात ‘पापी माणूस’ नाहीच, ‘अपुण्य’ आहे. व्यासभाष्याने (योगसूत्रांवरच्या जुन्या भाष्याने) ‘अपुण्यशीलेषु’ म्हणजे तसं शील असलेल्यांविषयी असा अर्थ केला आणि तीच परंपरा पुढे चालली. पण मूळ शब्दाचा रोख माणसापेक्षा वागण्याकडे आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

दुसरी अट हेतूची: चित्तप्रसादन. प्रसादन म्हणजे निवळणं. हे सगळं स्वतःचं मन निवळावं म्हणून आहे, समोरच्याला धडा शिकवण्यासाठी नाही. योगसूत्रांचे जुने टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी या सूत्रावर फार नेमकं लिहिलं आहे. त्यांच्या मते या चार भावना मनातले चार वेगवेगळे मळ काढतात. मैत्रीने ईर्ष्या जाते, करुणेने दुसऱ्याचं वाईट करण्याची इच्छा जाते, मुदितेने असूया जाते आणि उपेक्षेने अमर्ष जातो. अमर्ष हा शब्द मराठीतून जवळजवळ गेला, याची मला हळहळ वाटते. मृष् म्हणजे सहन करणे. अमर्ष म्हणजे ते सहन न होणं, आतल्या आत धुमसणं. कामाच्या ठिकाणी कुणी आपल्या मेहनतीचं श्रेय लाटतो. जिथे बोलायचं तिथे आपण बोललो, जे मांडायचं ते मांडलं. तरी रात्री पाठ टेकली की त्याच्याशी मनातल्या मनात भांडण सुरूच. त्याने काय म्हटलं, आपण काय म्हणायला हवं होतं, उद्या भेटला तर काय सुनवायचं. त्या माणसाला याचा पत्ताही नसतो. झोप आपली जाते. या धुमसण्यावरचा उपाय म्हणजे सूत्रातली उपेक्षा. तिचं काम एवढंच आणि एवढं मोठं आहे.

म्हणूनच आपल्याकडचं ‘अनुल्लेखाने मारणे’ हे उपेक्षेच्या अगदी विरुद्ध आहे. वरून दोन्ही सारखीच दिसतात: बोलणं नाही, दखल नाही. पण अनुल्लेखाने मारणाऱ्याचं सगळं लक्ष त्या माणसावरच असतं, आपलं न बोलणं त्याला लागतंय की नाही हे तो तपासत असतो. अमर्ष जसाच्या तसा, फक्त मुका.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या जोडीचा सगळ्यांत सूक्ष्म विचार बौद्ध परंपरेत झाला आहे. मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा या चारांना तिथे ब्रह्मविहार म्हणतात. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात प्रत्येक भावनेचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा म्हणजे उघड विरोधी; उपेक्खेचे दूरचे शत्रू राग (म्हणजे आसक्ती) आणि द्वेष. जवळचा शत्रू म्हणजे तिच्यासारखाच दिसणारा, तिच्या वेषात आत शिरणारा. उपेक्खेच्या बाबतीत तो आहे अज्ञानातून येणारी बेफिकिरी: कळत नाही, म्हणून काही वाटत नाही. दीड हजार वर्षांपूर्वी तुमच्या शंकेला दिलेलं हे उत्तरच आहे. मराठीतली रोजच्या वापरातली उपेक्षा म्हणजे ब्रह्मविहारातल्या उपेक्खेचा जवळचा शत्रू. दोघींना नाव एकच मिळालं, एवढाच घोटाळा.

त्याच ग्रंथात चार मुलांच्या आईचा दृष्टांत आहे. एक तान्हं, एक आजारी, एक ऐन तारुण्यात आलेलं आणि एक आपल्या कामधंद्यात गुंतलेलं. तान्ह्याने वाढावं, आजाऱ्याने बरं व्हावं, तरुणाचं तारुण्य पुष्कळ टिकावं असं आईला वाटतं. आणि जो आपल्या पायांवर उभा आहे त्याच्या कामात ती लुडबुड करत नाही. चौथ्यावरचं तिचं प्रेम कमी झालेलं नसतं. ज्यांची मुलं मोठी झाली आहेत त्यांना ही चौथी भावना किती अवघड आहे ते वेगळं सांगायला नको. इथे अपुण्याचा संबंधही उरला नाही, हे पाहा. पतंजलींची उपेक्षा वाईट वागणाऱ्यापुरती आहे. बौद्धांची त्याहून विस्तृत, सर्व प्राण्यांकडे समतेने पाहणारी.

जैनांनी शब्दच वेगळा घेतला. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य अशी चौकडी येते, आणि माध्यस्थ्य कुणाविषयी, तर ‘अविनेय’ माणसाविषयी. विनेय म्हणजे ज्याला शिकवता येतं तो. अविनेय म्हणजे आपण ज्याला पालथा घडा म्हणतो तो. मला हे वर्गीकरण पतंजलींपेक्षाही व्यवहाराच्या जवळचं वाटतं. कोण पापी हे ठरवणारे आपण कोण? पण आपलं सांगणं समोरच्याच्या आत उतरत नाही, हे मात्र प्रत्येकाला कळतं. व्यसनात बुडालेला भाऊ, एकाच विषयावर दरवेळी तोच वाद उकरून काढणारे काका. दहादा सांगून झालं. अकराव्यांदा सांगताना आपण त्याच्या भल्यासाठी सांगतो की आपला संताप मोकळा करण्यासाठी, हा प्रश्न माध्यस्थ्य विचारतं. आणि आज अविनेय असलेला उद्या ऐकण्याच्या मनःस्थितीत येऊ शकतो, म्हणून दार लावून घ्यायचं नाही.

आयुर्वेदातही हीच चौकडी सापडते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्याची चार प्रकारची वृत्ती सांगितली आहे: मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, बरा होऊ शकणाऱ्याविषयी प्रीती, आणि ‘उपेक्षणम् प्रकृतिस्थेषु भूतेषु’. हा ‘प्रकृतिस्थ’ म्हणजे धडधाकट नव्हे. टीकाकारांनी त्याचा अर्थ मृत्यूच्या जवळ पोचलेला असा घेतला आहे, कारण मरण हीच देहधाऱ्याची प्रकृती. मरणाच्या दारातल्या रुग्णाची वैद्याने हेळसांड करावी असा अर्थ कुणी तरी लावेल का? जे आपल्या हातात उरलेलं नाही त्याच्याशी झगडत राहू नये, हाच तिथला आशय. घरात असा रुग्ण असलेल्यांना या एका शब्दाचा आधार वाटावा, असं मला फार वाटतं. उपचार थांबवावे लागले म्हणजे माया थांबली असं नसतं.

आता एक धोका सांगायलाच हवा, कारण अन्याय पाहून गप्प बसणारे याच सूत्राचा आडोसा घेतात. महाभारतात द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला आणि थोरामोठ्यांनी माना खाली घातल्या. तेव्हा विदुर कश्यपांचं वचन सांगतो: अशा अधर्माचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाकडे जातो, चौथा करणाऱ्याकडे आणि चौथा त्या सभासदांकडे, ‘ये न निन्दन्ति निन्दितम्’, जे निंद्य गोष्टीची निंदा करत नाहीत. सभेतल्या थोरांचं ते मौन म्हणजे उपेक्षा नव्हे. जिथे आपल्या बोलण्याने काही अडतं, कुणी वाचतं, तिथे बोलणं हे कर्तव्य. उपेक्षा बोलून झाल्यानंतर मनाची. व्यासभाष्याने तिसऱ्या पादात एक लक्षणीय गोष्ट नोंदवली आहे: मैत्री, करुणा, मुदिता यांच्यावर संयम (म्हणजे इथे धारणा, ध्यान आणि समाधी एकाच विषयावर लावणं) केला की त्यांचं बळ मिळतं, पण उपेक्षेवर संयम नाही, म्हणून तिचं बळही नाही. तिचा अभ्यास वाढवत न्यायचा नसतो, असं मी यावरून समजतो.

याच अर्थाच्या इतर शब्दांचं थोडक्यात. गीतेतला ‘उदासीन’ मराठीत खिन्न किंवा निरुत्साही झाला. पण तुकोबांच्या ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी’ या चरणात जुना अर्थ ठणठणीत आहे, उदास विचारें म्हणजे आसक्ती न ठेवता. ‘मध्यस्थ’ आता सौदा किंवा समेट घडवणारा. तोही अर्थ परका नाही: गीतेच्या सहाव्या अध्यायात उदासीन आणि मध्यस्थ शेजारी येतात, तिथे शंकराचार्य सांगतात की उदासीन कुणाचाच पक्ष घेत नाही, तर मध्यस्थ भांडणाऱ्या दोघांचंही हित चिंततो. ‘तटस्थ’ तेवढा आपल्या जागी राहिला.

मग अनुवादात काय लिहावं? ‘पापी लोकांची उपेक्षा करावी’ हे वाक्य बदलायलाच हवं, पण शब्द टाकून नव्हे. मराठीत ‘अमक्याची उपेक्षा करणे’ म्हटलं की उपेक्षा त्या माणसावर घडते, भोगणारा तो. संस्कृतात भाष्यकाराने सप्तमी वापरली आहे, अपुण्यशीलेषु. भावना आपल्या मनात घडते, समोरचा फक्त तिचा विषय. मराठीत हा फरक ‘विषयी’ आणि ‘राखणे’ यांनी नीट दाखवता येतो: ‘अपुण्याविषयी उपेक्षा राखावी’. टीप द्यायला जागा नसेल आणि वाचक नवखा असेल तर ‘अपुण्याविषयी तटस्थ राहावं’ हेही चालेल, आणि जैन संदर्भात ‘माध्यस्थ्य’ तसंच ठेवावं. ‘उपेक्षित’ हे रूप मात्र या पारिभाषिक अर्थाने कुठेही वापरू नये. ते दुर्लक्ष झालेल्यांसाठीच आहे.